ऐकू येत होते, दिसत नव्हते

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर ल तुके नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी श्रीमंत मंडळी तेथे हवा खायला आणि जुगार खेळायला जात. १९१४ साली युद्ध सुरू झाले आणि तेथल्या कॅसिनोत खाटा मांडून लष्करी रुग्णालय उभे करण्यात आले. केंब्रिज विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्र शिकवणारे डॉ. चार्ल्स मायर्स या रुग्णालयात रुजू झाले. त्या हिवाळ्यात त्यांनी तपासलेल्या रुग्णांत वीस वर्षांचा एक शिपाई होता. माघार घेताना तो काटेरी तारांत अडकला होता आणि त्याच्या भोवती तोफगोळे फुटत राहिले होते. पाठीवरची झोळी फाटली, कुशीला मुका मार लागला, याखेरीज जखम अशी नव्हती. पण त्याची दृष्टी अंधूक झाली होती, वास आणि चव नीट कळत नव्हती. आपण आंधळे होणार या भीतीने तो रडत होता.

दुसरा शिपाई खंदक कोसळून कित्येक तास मातीखाली गाडला गेला होता. तिसरा विटांच्या ढिगाऱ्यावरून उडून खाली पडला होता. तिघांचीही लक्षणे मिळतीजुळती होती. फेब्रुवारी १९१५ मध्ये मायर्स यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. लेखाच्या शीर्षकात त्यांनी शिपायांच्याच तोंडी रुळू लागलेला शब्द घातला : शेल शॉक, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का.

या लेखातली एक नोंद विज्ञानशिक्षकांनी वर्गात प्रश्न म्हणून जरूर विचारावी. शेजारी तोफगोळा फुटला, तर शरीराचा कोणता अवयव सर्वांत आधी दुखावेल? हवेतून येणारा दाबाचा तरंग पडद्यावर झेलण्यासाठी बनलेला अवयव कान. तेव्हा उत्तर सोपे आहे. पण मायर्स यांच्या तिन्ही रुग्णांचे ऐकणे जवळजवळ शाबूत होते. गेली होती ती दृष्टी, चव, वास आणि स्मृती. स्फोटाच्या दाबाने असे होत असेल, तर त्या दाबाने कान सोडून जिभेवर हल्ला करावा हे विचित्रच म्हणायचे. आपल्या रुग्णांचे हिस्टेरियाच्या रुग्णांशी जवळचे नाते दिसते, असा निष्कर्ष मायर्स यांनी सावधपणे नोंदवला.

तो काढणे सोपे नव्हते. हिस्टेरिया हा शब्द गर्भाशय या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. हा रोग बायकांचा, अशी शतकानुशतकांची समजूत होती. पॅरिसमध्ये शार्को यांनी १८८० च्या दशकात पुरुषांनाही हिस्टेरिया होतो, अगदी आडदांड मजुरांनाही होतो, हे व्याख्यानांतून दाखवून दिले होते. त्याआधी, आगगाड्यांचे अपघात होऊ लागल्यावर, त्यांतून सहीसलामत सुटलेली माणसे महिनोन्‌महिने खचलेली का राहतात हा प्रश्न इंग्लंडमधील डॉक्टरांना आणि विमा कंपन्यांच्या वकिलांना पडला होता. मणक्याला अदृश्य इजा झाली असेल, असे एक उत्तर १८६६ मध्ये एरिक्सन या शस्त्रवैद्याने दिले होते. म्हणजे वाद जुनाच होता. पण आता तो लष्करात शिरला, आणि लष्करात पुरुषाने घाबरणे हा गुन्हा होता.

वादाची दुसरी बाजूही तितकीच शास्त्रीय होती, हे सांगितले पाहिजे. लंडनमधील मज्जाविकृतितज्ज्ञ फ्रेडरिक मॉट यांचे म्हणणे असे की, स्फोटाच्या दाबाने मेंदूत अतिसूक्ष्म रक्तस्राव होत असावेत. मेलेल्या शिपायांचे मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते. पण तोफांच्या जवळपासही न गेलेल्या माणसांत तीच लक्षणे दिसू लागली आणि मॉट यांची बाजू पडली. शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये, डॅनियल पर्ल यांच्या गटाने इराक-अफगाणिस्तानच्या काळातील स्फोट अनुभवलेल्या काही अमेरिकन सैनिकांच्या मेंदूंत एक विशिष्ट प्रकारचे व्रण दाखवले. मेंदूचे वेगवेगळ्या घनतेचे भाग जेथे एकमेकांना भिडतात, नेमके तेथे ते होते. मॉट सर्वस्वी चुकले नव्हते. शेल शॉक नावाच्या एकाच पोत्यात दोन-तीन वेगवेगळे आजार भरले गेले होते.

लष्कराला या पोत्याची डोकेदुखी झाली. पुढे पेन्शन कोणाला द्यायचे? तोडगा म्हणून कागदावर दोन वर्ग पाडण्यात आले. शत्रूच्या गोळ्यामुळे झालेला धक्का हा ‘जखमी’ या वर्गात. त्या माणसाला बाहीवर जखमेची पट्टी लावता येई. बाकीचे ‘आजारी’, त्यांना पट्टी नाही. एकाच खंदकातले दोन शिपाई, एकच थरथर, पण एकाच्या बाहीवर मान आणि दुसऱ्याच्या वाट्याला संशय. वर्गीकरण हे विज्ञानाचे पहिले पाऊल असे आपण मुलांना शिकवतो. ते कोणाच्या सोयीसाठी केले आहे, हेही सांगायला हवे. १९१७ मध्ये तर शेल शॉक हा शब्द आघाडीवरील डॉक्टरांनी निदान म्हणून वापरूच नये, असा हुकूम निघाला. शब्द गेला, माणसे यायची थांबली नाहीत. ब्रिटिश सैन्यात अशा रुग्णांची संख्या सुमारे ८०,००० होती असे सामान्यतः मानले जाते.

काहींच्या वाट्याला रुग्णालयही आले नाही. हॅरी फार हा शिपाई १९१५ मध्ये शेल शॉकसाठी पाच महिने रुग्णालयात होता. पुन्हा आघाडीवर पाठवल्यावर त्याने एके दिवशी पुढे जायला नकार दिला. १८ ऑक्टोबर १९१६ रोजी भित्रेपणाच्या आरोपाखाली त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या मुलीने म्हातारपणी न्यायालयात दाद मागितली, आणि २००६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून अशा ३०६ सैनिकांना माफी दिली.

उपचारांचे म्हणाल तर दोन टोके होती. लंडनमधील क्वीन स्क्वेअर रुग्णालयात लुईस यीलंड हे तरुण डॉक्टर विजेचा वापर करीत. त्यांनी १९१८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात चोवीस वर्षांच्या एका मुक्या शिपायाची हकीकत आहे. अनेक लढाया लढलेला हा माणूस एक शब्दही बोलू शकत नव्हता. यीलंड यांनी त्याला अंधाऱ्या खोलीत नेले, दार लावून घेतले, बोलल्याशिवाय येथून सुटका नाही असे बजावले आणि घशाला विजेचे झटके द्यायला सुरुवात केली. काही तासांनी तो बोलू लागला. पुस्तकात ही केस यशस्वी म्हणून नोंदवली आहे आणि एका अर्थी ती होतीही, कारण आवाज परत आला. त्या आवाजात त्याला काय सांगायचे होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

दुसऱ्या टोकाला डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स होते. या गृहस्थांचा थोडा परिचय करून देणे आवश्यक आहे, कारण त्यांचे भारताशी नाते आहे. १८६४ चा जन्म, शिक्षणाने डॉक्टर, पुढे ज्ञानेंद्रियांच्या शरीरक्रियाशास्त्राकडे वळले. १८९८ मध्ये टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर गेलेल्या केंब्रिजच्या मोहिमेत ते आणि मायर्स बरोबर होते. तेथे त्यांना मानवशास्त्राची गोडी लागली. १९०१-०२ मध्ये ते निलगिरी पर्वतात तोडा लोकांच्या वस्त्यांवर राहिले. त्यांचा तोडांवरील ग्रंथ १९०६ मध्ये निघाला आणि मानवशास्त्राचे विद्यार्थी तो आजही चाळतात. १९०३ मध्ये त्यांचे मित्र हेन्री हेड यांनी स्वतःच्या हाताची मज्जा कापून घेतली, आणि संवेदना कशी परत येते याच्या नोंदी रिव्हर्स यांनी वर्षानुवर्षे घेतल्या. अनोळखी माणसासमोर बसून, त्याच्या आजा-पणजांची नावे विचारत, त्याला त्याच्या गतीने बोलू देण्याची जी सवय निलगिरीत लागली, तीच पुढे रुग्णालयात उपयोगी पडली असावी असे आम्हांला वाटते. स्वतः रिव्हर्स तोतरे बोलत. समोरचा अडखळला तर थांबायचे कसे, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील जलोपचाराचे एक हॉटेल ऑक्टोबर १९१६ मध्ये अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय म्हणून उघडले. रिव्हर्स तेथे सुमारे वर्षभर होते. रुग्ण येत ते त्याआधी मिळालेला एकच सल्ला घेऊन : विसरा, युद्धाचा विचार करू नका, चांगल्या गोष्टी मनात आणा. आपल्याकडेही आप्तेष्ट हेच सांगतात. रुग्ण दिवसभर नेटाने विसरत, आणि रात्री ओरडत उठत. रिव्हर्स यांनी उलट सांगितले. दिवसा थोडा वेळ त्या आठवणीला समोर बसवा, तिच्याकडे नीट पाहा, तिच्याविषयी बोला. डिसेंबर १९१७ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी काही केसेस दिल्या आहेत.

एका अधिकाऱ्याला आपल्या मित्राचे छिन्नविच्छिन्न प्रेत सापडले होते. रोज रात्री स्वप्नात तो मित्र तशाच अवस्थेत येई. रिव्हर्स यांनी त्याला एवढेच दाखवून दिले की, प्रेताची ती अवस्थाच सांगते की मित्राला क्षणात मरण आले. त्याला तळमळावे लागले नाही. अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. नंतरच्या एका स्वप्नात तो त्या मित्राशी बोलला आणि त्याने घडलेले त्याला सांगितले. स्वप्ने थांबली नाहीत, पण त्यांतील भयाची जागा दुःखाने घेतली. आठवण तीच राहिली होती. तिचा अर्थ बदलला होता.

दुसऱ्या अधिकाऱ्याला स्फोटाने फेकले, आणि तो कित्येक दिवस मरून पडलेल्या, फुगलेल्या एका जर्मन सैनिकाच्या पोटावर तोंडघशी आपटला. शुद्ध जाण्यापूर्वी आपल्या तोंडात काय गेले आहे हे त्याला कळले. रिव्हर्स यांनी पुष्कळ शोधले, पण या आठवणीत धरून ठेवण्याजोगे काहीही त्यांना सापडले नाही. तेव्हा त्यांनी त्याला तिच्याकडे पाहा असे सांगितले नाही. लष्कर सोडून निवांत खेड्यात राहू दिले. आपली पद्धत जेथे लागू पडली नाही ती केसही त्यांनी त्याच निबंधात छापली. यशाच्याच कथा सांगणाऱ्या वैद्यकीय लेखनात ही गोष्ट आम्हांला मोठी वाटते. सतत तोच विषय उगाळणेही घातक, अशी सूचनाही तेथेच आहे.

रिव्हर्स यांचे आणखी एक निरीक्षण. शिपाई मुके होतात, त्यांचे हातपाय लुळे पडतात. अधिकाऱ्यांना मात्र भयस्वप्ने, निद्रानाश आणि तोतरेपणा येतो. त्यांचे स्पष्टीकरण असे की, अधिकाऱ्याला शाळेपासून भीती न दाखवण्याचे शिक्षण मिळालेले असते, शिवाय हाताखालच्या माणसांची जबाबदारी असते. तो भीती आत कोंडतो. म्हणजे ज्या शाळा त्या वेळी आदर्श मानल्या जात, त्यांनी दिलेले वळणच रोगाला आकार देत होते. पुढे वैमानिकांच्या रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले की, विमान चालवणाऱ्यांपेक्षा दोराने बांधलेल्या निरीक्षण-फुग्यात बसणारे अधिक खचतात. वैमानिक संकटात हातपाय हलवू शकतो. फुग्यातल्या माणसाने नुसते बसून राहायचे. धोका किती यापेक्षा आपल्याला काही करता येते की नाही, यावर बरेच अवलंबून असते.

क्रेगलॉकहार्टला जुलै १९१७ मध्ये आलेला सिगफ्रीड ससून हा रुग्ण फारसा आजारी नव्हता. युद्ध लांबवल्याबद्दल जाहीर निषेध करणाऱ्या या शूर अधिकाऱ्याला कोर्टापुढे उभे करण्यापेक्षा वेडा ठरवणे सरकारला सोयीचे होते. पुण्याच्या ससून रुग्णालयाला ज्या डेव्हिड ससून यांचे नाव आहे, त्यांचा हा पणतू. त्याची तेथे दुसऱ्या एका कवीशी, विल्फ्रेड ओवेनशी, गाठ पडली. दोघेही बरे होऊन आघाडीवर परतले. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध संपायला एक आठवडा असताना, मारला गेला. रिव्हर्स यांना ही बोच होती : माणसाला बरे करायचे ते कशासाठी? पुन्हा तेथेच पाठवण्यासाठी? लष्करी गणवेशातील डॉक्टरला याचे उत्तर नव्हते.

या इतिहासात आपले शिपाई कोठे आहेत? १९१४ च्या हिवाळ्यात भारतीय फौज त्याच फ्रान्समध्ये लढत होती. हाताला जखमा झालेले भारतीय शिपाई मोठ्या संख्येने येऊ लागले तेव्हा अधिकाऱ्यांना पहिली शंका आली ती ही की, त्यांनी घरी जाण्यासाठी स्वतःच गोळी मारून घेतली असावी. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी १९१५ मध्ये १,००० जखमांची छाननी केली. या शंकेला आधार मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वप्नांवर निबंध लिहिले जात असताना भारतीय शिपायाच्या हाताचे मोजमाप चालले होते. मेसोपोटेमियात पाठवलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कुतचा वेढा डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. उपाशी फौज शरण गेली, आणि कैदेतून सगळे परतले नाहीत. जे परतले ते सातारा-रत्नागिरीच्या गावांत परतले. तेथे रिव्हर्स नव्हते.

युद्ध संपले आणि विषय मागे पडला. १९२२ मध्ये ब्रिटिश चौकशी समितीने शेल शॉक हा शब्दच टाकून द्यावा असे सुचवले. अमेरिकेत अब्राम कार्डिनर यांनी माजी सैनिकांवरील कामाचे पुस्तक लिहिले, पण ते निघेपर्यंत १९४१ साल उजाडले आणि दुसरे महायुद्ध चालू होते. पिढीगणिक हेच झाले : युद्ध आले की शोध लागतो, संपले की विसरतो.

हे चक्र तुटले ते डॉक्टरांमुळे नव्हे. डिसेंबर १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले तरुण आपापसांत जमून बोलू लागले. त्यांनी रॉबर्ट लिफ्टन आणि चैम शॅटन या मनोविकारतज्ज्ञांना बोलावले, पण अट घातली की बैठकीत कोणी रुग्ण नाही आणि कोणी डॉक्टर नाही. याच सुमारास बॉस्टनमध्ये सेरा हेली यांच्याकडे एक माजी सैनिक आला आणि निःशस्त्र गावकऱ्यांच्या कत्तलीविषयी सांगू लागला. सहकाऱ्यांनी त्याला भ्रमिष्ट ठरवले. हेली यांनी त्याचे खरे मानले. अशा अनेकांच्या रेट्यामुळे १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात ‘आघातोत्तर तणाव विकार’ हे निदान आले. त्याची दुसरी बाजू स्त्रियांच्या चळवळीने उभी केली होती. बलात्कारानंतरच्या लक्षणांचे वर्णन बर्जेस आणि होल्मस्ट्रॉम यांनी १९७४ मध्ये केले, आणि ते सैनिकांच्या लक्षणांशी जुळले. जूडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये दोन्ही धागे एका पुस्तकात विणले. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परत येणे, असा त्यांनी सांगितलेला क्रम आहे.

आता एक विचित्र गोष्ट पाहा. पुरुषाला युद्धाने आघात होतो हे मान्य झाले. स्त्रीला लैंगिक अत्याचाराने होतो हेही मान्य झाले. पण मुलावर किंवा पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर तो दोन्ही खान्यांच्या मधल्या फटीत पडला. इंग्लंडच्या कायद्याने पुरुषावरील बलात्कार १९९४ मध्ये मान्य केला. आपल्याकडे २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलगे ५२.९४ टक्के होते. निम्म्याहून अधिक. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करीत नाही. अठरा वर्षांखालील बालकाविषयी असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणे शिक्षकावरही बंधनकारक आहे. १८ वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र चित्र बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराची पीडित व्यक्ती स्त्रीच आहे, आणि जुन्या ३७७ कलमाची जागा रिकामी आहे.

मुलगे सांगत का नाहीत? लाज आहेच, पण शरीरक्रियेविषयीचे अज्ञानही आहे. भीतीने शरीर गोठते, ओरडता येत नाही, पळता येत नाही; अनेक प्राण्यांत दिसणारी ही प्रतिक्रिया आहे. स्पर्शाला शरीराने दिलेला प्रतिसाद ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. डोळ्यांत धूर गेल्यावर पाणी येते तशी. ती संमती नव्हे. हे ठाऊक नसलेला मुलगा वर्षानुवर्षे समजतो की आपण प्रतिकार केला नाही, म्हणजे दोष आपलाच. मज्जासंस्थेचा धडा शिकवताना प्रतिक्षिप्त क्रियेला गुडघ्यावरच्या हातोडीखेरीज हेही उदाहरण देता येईल. कोणाचेही नाव न घेता.

आणि बोलते करण्याची घाई नको. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळे वदवून घेण्याची पद्धत १९८० नंतर फार लोकप्रिय झाली होती. २००२ मध्ये कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात तिचा उपयोग आढळला नाही. काहींना अपायच झालेला दिसला. प्रशिक्षित उपचारकाबरोबर, टप्प्याटप्प्याने, आठवणीकडे परत जाण्याचे उपचार मात्र कसोटीला उतरले आहेत. यीलंड यांची अंधारी खोली आणि रिव्हर्स यांची खुर्ची यांतला फरक असा पंच्याऐंशी वर्षांनी आकडेवारीत दिसला.

मायर्स यांच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. १९२२ च्या चौकशी समितीपुढे साक्ष द्यायला या विषयातील सर्वांत अधिकारी व्यक्ती म्हणून त्यांना बोलावण्यात आले होते. ते गेले नाहीत. युद्धावरील त्यांचे पुस्तक थेट १९४० मध्ये निघाले. त्यात त्यांनी कारण लिहून ठेवले आहे : त्या वर्षांतील कामाची आठवण काढणे आपल्याला फार वेदनादायक होत होते.